व्हनमाने मास्तरांची कामतीची बोली

आमच्या कॉलेजला नवे प्रिन्सिपल नेमल्याची बातमी सोलापुरात आली ती १९३४ सालच्या जूनमध्ये. कॉलेज पुण्याचं. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतंच. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढं शिकायचं असलं की तो ट्रंक आणि वळकटी घेऊन पुण्याच्या गाडीत बसायचा. त्या एका कॉलेजातून शिकून परत आलेली आम्ही चाळीसेक माणसं गावात होतो. वकील होते, डॉक्टर होते, मास्तर होते, मिलच्या ऑफिसातलेही दोघं-तिघं होते. वर्षातून एकदा आम्ही जमायचो, चहा-चिवडा व्हायचा आणि पुण्याच्या आठवणी निघायच्या. त्या मंडळाचा चिटणीस मी. माझं नाव अण्णाराव बिराजदार. जिल्हा कोर्टात वकिली करतो.

नवे प्रिन्सिपल म्हणजे आमचे प्रोफेसर निजसुरे. आम्ही शिकत होतो तेव्हा ते तरुण होते, गणित शिकवायचे आणि वसतिगृहाचे सुपरिंटेंडेंटही तेच होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांनी लगेच अभिनंदनाचं पत्र घातलं आणि सत्कारासाठी सोलापूरला येण्याचं आमंत्रण दिलं. आठ दिवसांत उत्तर आलं. दिवाळीनंतर येतो म्हणाले होते. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'आपल्याकडे व्हनमाने असतात ना? माझ्या हाताखालून गेलेला गणिताचा इतका चांगला विद्यार्थी दुसरा नाही. त्यांची भेट व्हावी अशी इच्छा आहे.'

ती ओळ आबासाहेबांनी मला दोनदा वाचून दाखवली. मग पत्राची घडी घालत म्हणाले, की व्हनमान्यांना बोलवावं तर लागेल, पण ते बोलायला उभे राहिले तर काय करायचं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं.

धोंडीराम व्हनमाने गावातल्या एका हायस्कुलात गणिताचा मास्तर होता. मूळचा मोहोळ तालुक्यातल्या कामतीचा. बाप कोंडीबा शेतकरी. घराण्यातच काय, त्या सबंध वाडीवस्तीत कॉलेजची पायरी चढलेला हा पहिला. उंच, हाडापेराचा माणूस. डोक्याला पटका, अंगात बंद गळ्याचा कोट आणि तोंडात जन्मापासूनची कामतीची बोली. पुण्यात चार वर्षं काढून, बी. ए. होऊन आणि अकरा वर्षं मास्तरकी करूनही ती बोली तसूभर हलली नव्हती. बीजगणिताचं पुस्तक इंग्रजी असायचं, पण समजावून सांगताना तो म्हणायचा, "ह्यो आकडा तिकडं गेला की त्येचं चिन्ह पालटतंय. का पालटतंय? बग की नीट." खेड्यापाड्यातून आलेली पोरं, विणकरांच्या घरची तेलुगू बोलणारी पोरं, सगळ्यांना त्याचं गणित कळायचं. इन्स्पेक्टर मात्र दरवर्षी शेरा मारून जायचे: 'गणिताचे अध्यापन उत्तम. भाषा ग्राम्य. सुधारणा आवश्यक.' त्या शेऱ्याखाली खुलासा लिहावा लागे. धोंडीराम दरवर्षी दोनच शब्द लिहायचा: 'मुले पास.'

शुद्ध बोलायला शिकला नाही म्हणून त्याची बोली तशी राहिली असं लोकांना वाटायचं. ते खोटं होतं, आणि हे सांगू शकणारा सोलापुरात मी एकटाच होतो.

आम्ही दोघं १९१९ साली एकाच गाडीनं पुण्याला गेलो. तो कामतीचा मराठा शेतकरी, मी अक्कलकोटकडचा लिंगायत. माझ्या घरचं बोलणं कानडीत. वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली, कदाचित आमचं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही म्हणून. कॉलेजातले वर्ग इंग्रजीत चालायचे. तिथं सगळीच मुलं अडखळायची, त्यामुळं आम्ही वेगळे दिसायचो नाही. गंमत व्हायची ती वर्ग सुटल्यावर, मराठीत. मी 'तो पुस्तक' आणि 'ती झाड' म्हणायचो. धोंडीरामचं 'हाय' आणि 'न्हाय' ऐकायला तर मुलं मुद्दाम आमच्या खोलीशी यायची, काहीतरी विचारायची आणि हसत परत जायची.

आम्ही दोघांनी शिकायचं ठरवलं. पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर जायचं आणि बोलायचं. धोंडीरामनं वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून काढले होते: आहे, नाही, पाणी, लोणी, कोण, कुठे. 'ण' साठी तो जीभ टाळूला लावून इतका वेळ उभा राहायचा की मला हसू यायचं. त्याचा कान तल्लख होता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागला. एकदा मेसमध्ये त्याच्याशी पाच मिनिटं बोलून एका मुलानं विचारलं, तुम्ही सदाशिव पेठेत कुठं राहता? त्या दिवशी आम्ही दोघांनी एकेक भजं जास्त घेतलं.

दिवाळीला तो कामतीला गेला, मी माझ्या गावी. परत आल्यावर मी ट्रंक ठेवतोय तोवर तो म्हणाला, "आलास व्हय? बरं झालं." मला वाटलं चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सगळ्यांशी तो तसाच बोलायला लागला, पूर्वीपेक्षाही ठळक. गच्चीवर यायचं त्यानं सोडलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "जमत न्हाय मला." जमत होतं हे मला माहीत होतं. पण पुढं मी विचारलं नाही. मी एकटा गच्चीवर जात राहिलो आणि वर्षअखेरीला माझ्या बोलण्यातून कानडीचा वास निघून गेला. आईची, ईरम्माची, कानडी पत्रं यायची ती मी पांघरुणात तोंड घालून वाचायचो.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या गणित मंडळानं निबंधाची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस धोंडीरामला मिळालं. त्याचा विषय मोठा नामी होता. खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्याचा बाप राशीभोवती दोरी फिरवायचा, त्या दोरीच्या सहा सारख्या घड्या घालायचा आणि त्या घडीवरून नि राशीच्या उंचीवरून धान्य किती ते सांगायचा. हा हिशेब बरोबर का येतो ते धोंडीरामनं शंकूच्या सूत्रावरून सिद्ध केलं होतं, आणि किती चुकतो तेही. एकवीस पायल्यांत साधारण एक पायली जास्त दाखवतो. कोंडीबा म्हणायचा, ती पाखरांची.

गॅदरिंगमध्ये हा निबंध मराठीतून समजावून सांगायचा होता. पाहुणे म्हणून कुणी निवृत्त न्यायाधीश आले होते. धोंडीराम उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यी रास हाय. हिच्याभवती दोरी फिरवायची." मागून कुणीतरी 'ह्यी रास हाय' म्हणून त्याची नक्कल केली. हशा झाला. धोंडीराम थांबला नाही, पण प्रत्येक वाक्याला हशा वाढत गेला. तेव्हा निजसुरे सर उठले. त्यांनी त्याच्या हातातून कागद घेतले. रागानं नाही, समजुतीनं म्हणाले की विषय चांगला आहे, त्याचं हसं व्हायला नको, तुम्ही बसा. मग त्यांनी सभागृहात नजर फिरवली आणि म्हणाले, "बिराजदार, तुम्ही वाचा."

मी वाचलं. 'हाय' दिसलं की 'आहे' म्हणत, 'न्हाय' दिसलं की 'नाही' म्हणत, अगदी सफाईनं. टाळ्या पडल्या. न्यायाधीशांनी माझा हात हातात घेऊन या संशोधनाबद्दल माझं कौतुक केलं आणि मी मान तुकवली.

खोलीवर आल्यावर धोंडीरामनं मला एवढंच विचारलं, "त्या पाव्हन्याला सांगितलंस का, दोरी माज्या बापाची हाय म्हनून?" मी सांगितलं नव्हतं. तो पुन्हा कधी त्याबद्दल बोलला नाही. आमची मैत्री टिकली, कारण ती टिकवायचं त्यानं ठरवलं.

हे सगळं मनात असताना आबासाहेबांनी १९३४ साली मला सांगितलं की जाऊन व्हनमान्यांकडून आठवणी लिहून आणा, आणि सभेत त्या तुम्हीच वाचा. त्यांची अडचण मला कळत होती. कलेक्टरसाहेब येणार होते. इंग्रजांनी गावात मार्शल लॉ पुकारला त्याला चार वर्षंच झाली होती, सोलापुरात चार माणसं एकत्र बसली तरी पोलिसाची नजर असायची, आणि आबासाहेबांना सभा कशी इस्त्री केल्यासारखी हवी होती. शिवाय त्यांना मनापासून वाटत होतं की सोलापूरचं हसं होऊ नये.

मी बाळीवेशीतल्या त्याच्या बिऱ्हाडी गेलो. धोंडीराम तक्क्याला टेकून वह्या तपासत होता. त्याची बायको वच्छला हिनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशीच बसली. मी आडवळणानं विषय काढला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिवायचं मी आन् वाचायचं तू?"

मी म्हणालो, कार्यक्रम मोठा आहे, कलेक्टर आहेत, त्या एका दिवसापुरतं तू शुद्ध बोलतोस म्हण, तर मीच आबासाहेबांना सांगतो की व्हनमाने स्वतः बोलतील. तुला येतं, मला माहीत आहे.

तो काही म्हणायच्या आत वच्छला बोलली. "त्ये तसं बोलाया लागल्यावर आमी घरात कुनाशी बोलावं, भावजी?"

धोंडीराम हसला. म्हणाला की लिहून देतो. दोन दिवसांनी त्यानं चार पानं माझ्या हातात ठेवली. सुरेख अक्षर, आणि भाषा जशी तो बोलतो तशी. "हाय तसं वाचनार का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

आबासाहेबांनी पानं पाहिली आणि लाल पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. मी घरी बसून सगळं दुरुस्त केलं. चार पानांची तीन झाली. मला त्यात राग कुठंच दिसला नव्हता, तरी काही वाक्यं मी गाळली. एक वाक्य होतं: 'सर, तुमी माजा कागुद घेतला हुता, त्यो मी इसरलो न्हाय.' ते तर मी पहिल्यांदा गाळलं.

सभा नोव्हेंबरात झाली. सकाळी आम्ही वीसजण हार घेऊन स्टेशनवर गेलो. निजसुरे सर आता पन्नाशीकडं झुकले होते, केस पिकले होते, पण चाल तशीच झपाझप. दुपारी शेंगापोळीचं जेवण झालं. चार वाजता नवी पेठेतल्या एका दिवाणखान्यात सत्कार. पुढच्या खुर्च्यांवर कलेक्टर, मिलचे बडे लोक, हायस्कुलांचे चालक. धोंडीरामच्या शाळेचे चालकही होते. धोंडीराम पाचव्या-सहाव्या ओळीत, पटका बांधून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

स्वागतपद झालं. आबासाहेबांचं भाषण झालं. त्यांनी कॉलेजचे दिवस असे रंगवले की जणू आम्ही चार वर्षं तिथं चांदण्यातच काढली. एका डॉक्टरांनी मेसच्या पातळ आमटीची गोष्ट सांगितली, सगळे हसले, सरही हसले. मग माझं नाव पुकारलं: श्री. व्हनमाने यांच्या आठवणी, वाचन श्री. बिराजदार.

मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. 'गुरुवर्य, आपल्या चरणांशी बसून ज्ञानार्जन करण्याचे भाग्य मला लाभले.' हे वाक्य धोंडीरामचं नव्हतं, माझं होतं. दुसरं वाक्यही माझंच होतं. तिसरं सुरू केलं आणि सभेतून आवाज आला.

"अन्नाराव, थांब. ह्ये माजं न्हाय."

तो ओरडला नव्हता. वर्गात एखाद्या पोराची चूक दाखवावी तसा म्हणाला होता. मी थांबलो. तो ओळीतून बाहेर पडला, मधल्या वाटेनं चालत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. मी कागद त्याच्यापुढं धरले. त्यानं ते घेतले नाहीत. आबासाहेबांनी टेबलावरच्या घंटेकडं हात नेला. ती घंटा माझ्या जवळ होती. मी ती उचलून टेबलाखाली, माझ्या पायाशी ठेवली. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं बरं काम तेवढंच.

"सर," धोंडीराम म्हणाला, "मी धोंडीराम व्हनमाने. कामतीचा. तुमी माजी याद काडली म्हनून लई बरं वाटलं. गनित मला तुमी शिकिवलं, त्येचं रिन हाय आन् ते मी रोज वर्गात फेडतोय. पर तुमी एकदा माज्या हातातला कागुद घेतला हुता. आज बी त्योच घाट हुता, म्हनून उटलो. मला तसं बोलाया येत न्हाय असं तुमाला वाटत आसंल. मला येतंय."

आणि मग तो बोलला. गच्चीवर शिकलेलं, पंधरा वर्षं न वापरलेलं, स्वच्छ, ठसठशीत पुणेरी मराठी. "गुरुजन हो, ही भाषा मला येते. पहिल्या वर्षीच आली होती. ती मी का सोडली, तेवढं सांगतो आणि बसतो." मिलचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत तो थांबला आणि परत आपल्या बोलीवर आला.

"पयल्या वर्साच्या दिवाळीला मी घरी गेलो. नवं बोलनं शिकून गेलो हुतो, मनात लई फुशारकी. आई चुलीपुडं बसली हुती. सोनाबाई तिचं नाव. मी म्हनलो, आई, मला जरा पाणी देतेस का? तिनं वळून बगितलं. डुईवरचा पदर पुडं वडला. उटून हुबी राह्यली आन् म्हनाली, देते की, तुमी बसा. तुमी. जिनं मला नऊ म्हयनं प्वाटात वागवलं ती मला तुमी म्हनाली. मामलेदार आला की जशी हुबी राहती तशी हुबी राह्यली. दोन दिस ती माज्याम्होरं बसली न्हाय. तिसऱ्या दिशी मी म्हनलो, आये, भाकर दे की गं. तवा कुटं तिनं माज्या पाटीवर हात ठिवला."

मग तो सरांकडं वळला. "तुमची भाषा वंगाळ हाय असं मी म्हनत न्हाय, सर. ती तुमच्या आईची हाय. ही माज्या आईची हाय. तुमच्या आईच्या भाषेला कुनी हसत न्हाय, माजीला हसत्यात, यवडाच फरक. तवा हसायचं त्येंनी हसावं. मी बोलायचं सोडनार न्हाय. वर्गात न्हाय आन् हितं बी न्हाय."

नमस्कार करून तो आपल्या जागेवर जाऊन बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या बाजूला एकानं सुरू केल्या आणि लगेच थांबवल्या. कलेक्टरसाहेबांना काय चाललंय ते त्यांचा शिरस्तेदार कानात सांगत होता.

सत्काराला उत्तर द्यायला निजसुरे सर उठले. टेबलावरचा हार त्यांनी बाजूला सरकवला. मग म्हणाले, "भाषा शुद्ध असावी हे माझं मत होतं, आणि आजही आहे. पण तो कागद मी तुमच्या हातून घ्यायला नको होता."

"व्हय," धोंडीराम बसल्या जागेवरून म्हणाला, "नको हुता."

मग सरांनी कॉलेजच्या नव्या इमारतीबद्दल बोलायला सुरुवात केली.

सभा संपल्यावर आबासाहेब माझ्याशी बोलले नाहीत. धोंडीरामशी बोलायला तर कुणीच पुढं आलं नाही. त्याच्या शाळेचे चालक मात्र गप्प बसणारे नव्हते. आठवड्याच्या आत त्याला पत्र आलं: सन्माननीय पाहुण्यांसमोर केलेल्या वर्तनाबद्दल आठ दिवसांत लेखी माफी द्यावी. पत्र घेऊन तो माझ्याकडं आला. मी वकील म्हणून त्याला समजावलं. दोन ओळी लिहून टाक, दिलगिरी शब्द वापर, माफी वापरू नकोस, नोकरी वाचेल. तुझी दोन मुलं शिकायची आहेत.

"तू माजा वकील हायस की त्येंचा?" त्यानं विचारलं.

मी कागद घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो, आणि या वेळी एक शब्दही बदलला नाही. उत्तर तीन ओळींचं होतं. मी कुणाला शिवी दिली नाही, कुणाचा अपमान केला नाही, खरं तेवढं बोललो. माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. शाळेला माझ्या शिकवण्याबद्दल तक्रार असेल तर ती कळवावी.

तक्रार तशी नव्हतीच. त्याला काढून टाकणं त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांनी दुसरं केलं. मॅट्रिकचा वर्ग काढून घेतला आणि त्याला इंग्रजी पहिलीत, म्हणजे हायस्कुलाच्या सगळ्यात खालच्या वर्गात बसवलं, त्रैराशिक शिकवायला. हेडमास्तरची जागा पुढच्या वर्षी रिकामी होणार होती आणि तो सगळ्यात जुना होता. ती त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान माणसाला दिली गेली. शाळेत सगळ्यांना वाटलं आता हा वाकेल. धोंडीराम पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गात गेला, खडू घेतला आणि म्हणाला, "चला रं, आकडं काडा." दोन वर्षं त्यानं ते लहान वर्ग असे शिकवले, की वरच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत त्याच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. त्यांच्या मास्तरांना बीजगणित येत होतं, समजावता येत नव्हतं. सलग दोन वर्षं मॅट्रिकचा गणिताचा निकाल घसरला. ज्यांच्या पोरांचं वर्ष गेलं त्यांत मिलचे जॉबर, म्हणजे मुकादम होते, नवी पेठेतले कापडवाले होते. ते चालकांकडं जाऊन बसायला लागले. १९३७ च्या जूनमध्ये काही न बोलता, कुणाकडून खुलासा न येता, मॅट्रिकचा वर्ग परत धोंडीरामच्या नावावर लागला. हेडमास्तर तो कधीच झाला नाही. त्याबद्दल तो हळहळला नाही असं मी म्हणणार नाही. वच्छलानं एकदा मला सांगितलं की ती जागा गेली त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पण शाळेत कुणाला ते दिसलं नाही.

निजसुरे सरांचंही पत्र मधल्या काळात आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की राशीचा तो निबंध येत्या गॅदरिंगमध्ये तुम्ही स्वतः येऊन वाचावा. मी वाचून खूश झालो. धोंडीरामनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: 'भाषेवरून मात्र एकदा हात फिरवून घ्यावा.' त्यानं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं: 'निबंध जसा हाय तसा वाचाया येतो. न्हाय तर येत न्हाय.' कार्डाला उत्तर आलं नाही. तो पुण्याला गेला नाही. मला ते फार लागलं, त्याला कमी. म्हणाला, "त्येंनी बोलावलं, ही बी कमी गोष्ट न्हाय. पर माज्या अटीवर न्हाय, म्हनून मी बी न्हाय."

सत्काराच्या पुढच्याच वर्षी, १९३५ च्या नोव्हेंबरात, आमच्या मंडळाचा मेळावा होता. निमंत्रणांची यादी मी केली. आबासाहेबांनी ती तपासली आणि व्हनमाने या नावावर रेघ मारली. मी चिटणीसपद सोडतो म्हणालो. ते म्हणाले, सोडा. मी सोडलं आणि मेळाव्यालाही जायचं नाही असं ठरवलं.

त्या दिवशी दुपारी धोंडीराम माझ्या दारात उभा राहिला. पटका नवा होता. "चल की," म्हणाला, "उशीर हुतोय." मी त्याला सांगितलं की तुला निमंत्रण गेलेलं नाही, मीच यादी केली होती, मला माहीत आहे.

"कॉलेज त्येंच्या बापाचं न्हाय," तो म्हणाला. "चार वर्सं मी बी तितं घासलीत."

मी कोट चढवला. आम्ही दिवाणखान्यात पोहोचलो तेव्हा एक गडी सतरंजी झटकत होता, बाकी कुणी आलं नव्हतं. धोंडीराम पहिल्या ओळीत, अगदी मधल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि मला शेजारी बसवलं. हळूहळू मंडळी यायला लागली. आमच्याकडं बघायची, घुटमळायची आणि मागं जाऊन बसायची. एक डॉक्टर आले आणि आमच्याच ओळीत बसले. मग मिलमधला एक जण आला, तोही बसला. शेवटी आबासाहेब आले. दारातच थांबले. पहिल्या ओळीत एकच खुर्ची रिकामी राहिली होती, धोंडीरामच्या उजव्या हाताची.

धोंडीराम उठला, खुर्ची जरा पुढं ओढून दिली आणि म्हणाला, "या आबासाहेब. बसा की."

सगळे बघत होते. आबासाहेब बसले.